खिळा उडवणारी कॉइल: विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागले की विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे फोन सुरू होतात. यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर असे जिल्हे वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं 24 व्होल्टच्या, टेबलावर मांडायच्या प्रयोगासाठी आहेत. त्यापेक्षा मोठी यंत्रं कशी चालतात हे शेवटी समजण्यापुरतं सांगितलं आहे, बनवण्यासाठी नाही.

1. विद्युतचुंबकीय प्रक्षेपक म्हणजे नेमकं काय?

बंदुकीची दारू, हवेचा दाब किंवा स्प्रिंग न वापरता, फक्त विजेच्या प्रवाहाने तयार होणाऱ्या चुंबकीय बलावर एखादी वस्तू वेगाने पुढे ढकलणारं यंत्र. घरातली टिंग-टाँग बेल उघडून बघा. कॉइलमध्ये प्रवाह आला की लोखंडी दांडी आत ओढली जाते आणि पट्टीवर आपटते. त्या दांडीला अडवणारी पट्टी काढली आणि प्रवाह वेळेवर बंद केला, तर दांडी कॉइलच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडेल. आपला प्रयोग म्हणजे एवढंच. पण 'वेळेवर बंद' या दोन शब्दांतच सगळं डिझाइन आहे. मुलं चालू करण्यावर आठवडे घालवतात आणि बंद करण्याचा विचारच करत नाहीत, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो.

2. कॉइलगन आणि रेलगन एकच काय?

नाही. कॉइलवाल्या यंत्रात प्रवाह फक्त कॉइलमधून वाहतो. लोखंडाचा तुकडा कॉइलला न शिवता ओढला जातो. रेलवाल्या यंत्रात दोन समांतर रूळ असतात आणि त्यांच्यामध्ये सरकणारा धातूचा तुकडा असतो. प्रवाह एका रुळातून येतो, तुकड्यातून पलीकडे जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. त्या प्रवाहाचंच चुंबकीय क्षेत्र तुकड्याला पुढे ढकलतं. शाळेसाठी कॉइलच घ्यावी. कारण प्रश्न 14 मध्ये आहे.

3. हा शोध अलीकडचा आहे का? परीक्षक इतिहास विचारतात.

सव्वाशे वर्षांचा आहे. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलान यांनी 1901 मध्ये विद्युतचुंबकीय तोफेचं पेटंट घेतलं. 1903 मध्ये पाहुण्यांनी भरलेल्या सभागृहात त्यांनी ती चालवून दाखवली, तेव्हा शॉर्टसर्किट होऊन प्रचंड ठिणगी उडाली. तोफेचा धंदा तिथेच बसला. पण विजेच्या त्याच ज्वाळेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडता येतो, हे बिर्केलान यांनी ओळखलं. सॅम आयडे या अभियंत्याबरोबर त्यांनी ती पद्धत उभी केली आणि 1905 मध्ये नॉर्वेतल्या नोटोडेन इथे हवेपासून खत बनवणं सुरू झालं. पुढे वीज कमी खाणारी हाबर-बॉश पद्धत आली आणि तिने या पद्धतीची जागा घेतली. आज आपल्या पराटीला (कपाशीला) पडणारा युरिया हाबर-बॉश पद्धतीच्या अमोनियापासूनच बनतो. हा इतिहास फलकावर जरूर लिहा. बिघडलेल्या प्रयोगाकडे नीट बघितल्यावर काय हाती लागतं, ते शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा जवळून कुठे दिसणार?

4. तार कोणती घ्यावी आणि कुठे भेटते?

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. शेतीपंप जळतात त्यामुळे प्रत्येक बाजाराच्या गावात असं दुकान असतंच. 22 गेजची इनॅमल लावलेली तांब्याची वाइंडिंग तार मागा, व्यास साधारण 0.7 मिलिमीटर. जळालेल्या मोटरमधून काढलेली तार घेऊ नका. तिचं इनॅमल तडकलेलं असतं आणि वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटतात.

बाहेरून 8 मिलिमीटर, आतून 6 मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी घ्या. तिच्यावर 30 मिलिमीटर लांबीत पाच थर गुंडाळा. एका थरात अडतीसेक वेढे बसतात, म्हणजे एकूण साधारण 190. याला सात-सव्वासात मीटर तार लागते, वजनात पंचवीसेक ग्रॅम. तिचा रोध 0.3 ओहमच्या आसपास येतो. दोन्ही टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, तांबं चमकलं पाहिजे. 'कॉइल चालतच नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हीच टोकं तपासायला सांगतो.

5. खिळाच का? तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा का नाही?

कारण या कॉइलचा जोर लोखंडाच्या चुंबकत्वावर चालतो. चार इंची खिळ्याचा 5 मिलिमीटर जाडीचा, 30 मिलिमीटर लांबीचा तुकडा कापला की वजन साधारण 4.6 ग्रॅम भरतं. पुढच्या हिशोबात आपण 5 ग्रॅम धरू. लांबी कॉइलइतकी असली की ओढ चांगली बसते. टोपी आणि टोक दोन्ही कापून कानशीने बोथट करा. ही अट सुरक्षेची आहे, तिच्यात सूट नाही.

स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत. म्हणून तुकडा घेण्याआधी चुंबक लावून बघा.

6. लाइटचा भरवसा नाही. प्रयोग कशावर चालवावा?

फवारणी पंपाच्या बॅटरीवर. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की 24 व्होल्ट मिळतात, पूर्ण भरलेल्या असतील तर 25 च्या वर. बॅटरीतून ऊर्जा साठवून ती एका झटक्यात कॉइलला द्यायला कपॅसिटर लागतो. तो 25 व्होल्टचा नको, 35 व्होल्टचा घ्या. 10,000 मायक्रोफॅरडचा एक पुरतो. त्याचं ऋण टोक पट्ट्याने दाखवलेलं असतं. ते उलटं जोडलं तर कपॅसिटर फुटतो.

कपॅसिटर भरताना बॅटरी आणि त्याच्या मध्ये मोटरसायकलच्या इंडिकेटरचे 12 व्होल्टचे दोन बल्ब एकामागे एक लावा. ते क्षणभर चमकून विझले की कपॅसिटर भरला. मुलांना हे फार आवडतं आणि त्यात शिकण्यासारखंही आहे: प्रवाह वाहत असेपर्यंतच उजेड दिसतो.

7. साधं बेलचं बटण चालेल का?

थेट नको. 25 व्होल्ट भागिले 0.3 ओहम, म्हणजे प्रवाह क्षणभर 80 अँपिअरकडे झेपावतो. बटणाचे संपर्क जळतात किंवा वितळून चिकटतात. शिवाय बटण दरवेळी सारखं दाबलं जात नाही, त्यामुळे मोजमाप भरकटतं. टीवायएन 612 हा एससीआर घ्या, म्हणजे 'गेट' नावाच्या पायाला छोटा प्रवाह दिला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तो इतका झटका काही मिलिसेकंद सहज सोसतो. बेलचं बटण 1 किलोओहमच्या रोधातून त्याच्या गेटला जोडा. म्हणजे बटणातून जाणारा प्रवाह नावापुरताच राहतो.

8. सर, खिळा पुढे जायचा सोडून मागे काऊन येतो?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सगळ्यात चांगलाही हाच.

कॉइल लोखंडाला पुढे ढकलत नसते, ती त्याला आपल्या मध्याकडे ओढत असते. खिळा अलीकडे असेपर्यंत मध्याकडे ओढणं म्हणजे पुढे ओढणं. खिळ्याचा मध्य कॉइलच्या मध्याशी आला की ओढ शून्य. तिथून तो पुढे सरकला आणि प्रवाह अजून चालू असला, तर तीच कॉइल त्याला मागे खेचते. प्रवाहाची दिशा बदलून काही होत नाही, कारण खिळ्याचं चुंबकत्वही तिच्याबरोबर उलटतं. झोक्याला पुढे जाताना धक्का दिला तर तो चढतो, परत येताना दिला तर थांबतो, तसंच हे.

तेव्हा खिळा मध्याशी पोहोचेपर्यंत प्रवाह जवळजवळ संपलेला असायला हवा. आपल्या मांडणीत खिळ्याला मध्य गाठायला साधारण 6 ते 8 मिलिसेकंद लागतात. 0.3 ओहम आणि 10,000 मायक्रोफॅरड यांचा गुणाकार 3 मिलिसेकंद येतो. एवढ्या वेळात प्रवाह सुमारे एक-तृतीयांशावर उतरतो. 8 मिलिसेकंदांनी तो दहाव्या हिश्शापेक्षाही कमी उरलेला असतो. म्हणून हे जमतं.

खिळ्याची सुरुवातीची जागाही महत्त्वाची. पुढचं टोक कॉइलच्या तोंडाशी ठेवून सुरुवात करा, मग दोन-दोन मिलिमीटर पुढेमागे करत सर्वांत लांब पडणारी जागा शोधा आणि नळीवर पेनने खूण करा. जागा आणि अंतर यांचा आलेख काढला की त्याला मधोमध उंचवटा येतो. प्रदर्शनात माझ्या मते हाच आलेख सगळ्यात मोलाचा, उडणाऱ्या खिळ्यापेक्षाही.

9. चार कपॅसिटर लावले तरी वेग वाढला नाही, उलट कमी झाला. का?

ऊर्जा चौपट झाली हे खरं, पण झटकाही चौपट लांबला. 40,000 मायक्रोफॅरडला तोच गुणाकार 12 मिलिसेकंद येतो. खिळा मध्याशी पोहोचतो तेव्हा निम्म्याहून जास्त प्रवाह अजून वाहत असतो आणि तो ब्रेकचं काम करतो (प्रश्न 8). जास्त ऊर्जा वापरायचीच असेल तर ती वेगवेगळ्या कॉइलमध्ये वाटावी लागते (प्रश्न 13), किंवा प्रवाह मध्येच तोडू शकणारा मॉसफेट वापरावा लागतो. मॉसफेट वापरला तर कॉइलला उलटा डायोड लावलाच पाहिजे. प्रवाह एकदम तोडला की कॉइल मोठा व्होल्टेज झटका देते आणि मॉसफेट जागीच मरतो.

10. एकदा खिळा उडाला की नंतर बल्ब पेटलेलेच राहतात आणि कॉइल गरम होते. काय बिघडलं?

काहीच बिघडलं नाही. एससीआर एकदा चालू झाला की त्यातला प्रवाह अगदी कमी होईपर्यंत बंद होत नाही. कपॅसिटर रिकामा झाला तरी बॅटरी बल्बमधून पाऊण अँपिअरच्या आसपास प्रवाह देत राहते, आणि एससीआर चालू राहायला तेवढा भरपूर झाला. बॅटरी आणि बल्ब यांच्या वाटेत एक वेगळा स्विच लावा. क्रम असा: भरा, स्विच बंद करा, मग उडवा.

11. वेग मोजायला महागडं यंत्र पायजे काय?

नाही. टेबल, पट्टी आणि गवंड्याची पाणसळ पुरते. नळी पाणसळीने बरोबर आडवी करा. नळीचं तोंड जमिनीपासून 75 सेंटिमीटर उंच असेल तर खिळा जमिनीवर पडायला 0.39 सेकंद लागतात, वेग कितीही असो. जमिनीवर बारीक रेतीचा थर पसरा. खिळा 1.95 मीटरवर पडला तर वेग 1.95 भागिले 0.39, म्हणजे सेकंदाला 5 मीटर, ताशी 18 किलोमीटर.

एकच मोजमाप लिहू नका. त्याच खुणेवरून अनेक वेळा उडवा, सगळी अंतरं वहीत नोंदवा, मग सरासरी काढा. अंतरं एकमेकांपासून फार दूर पडत असतील तर खिळा नळीत घासतोय किंवा कपॅसिटर दरवेळी पूर्ण भरत नाही. प्रदर्शनाच्या दालनात मात्र खिळा मोकळा सोडू नका, जुनी गोधडी भरलेल्या खोक्यातच उडवा. मोजमाप शाळेत करून न्यावं.

12. कार्यक्षमता दोनच टक्के आली. प्रयोग फसला का?

नाही, दोन टक्के हा अशा साध्या कॉइलचा प्रामाणिक आकडा आहे. हिशोब बघा. 10,000 मायक्रोफॅरड आणि 25 व्होल्ट, म्हणजे साठवलेली ऊर्जा सुमारे 3.1 ज्यूल. 5 ग्रॅमचा खिळा 5 मीटर प्रति सेकंद वेगाने गेला तर त्याची गतिज ऊर्जा 0.0625 ज्यूल. भागाकार केला की दोन टक्के. उरलेली जवळपास सगळी ऊर्जा तारेत उष्णता होऊन जाते.

कुणी चाळीस टक्के लिहून आणलं तर परीक्षकांनी वही मागावी, आणि ते मागतातही. खरा दोन टक्क्यांचा आकडा आणि 'बाकीची ऊर्जा कुठे गेली' याचं उत्तर ज्या मुलीकडे आहे, तिला विषय समजला आहे.

लोखंडाची स्वतःचीही मर्यादा आहे. साधारण 2 टेस्लाच्या पुढे ते चुंबकत्वाने भरून जातं. त्यानंतर प्रवाह दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते, पण ओढ तेवढी वाढत नाही.

13. दोन-तीन कॉइल एकामागे एक लावता येतात का?

येतात, आणि खरी मजा तिथे आहे. प्रत्येक कॉइलला वेगळा कपॅसिटर, वेगळा एससीआर आणि तिच्या आधी एक इन्फ्रारेड सेन्सर लागतो. खिळ्याने किरण तोडला की पुढची कॉइल चालू होते. पुढच्या कॉइलमध्ये खिळा आधीच वेगात असतो, म्हणून तिथे झटका आणखी आखूड हवा: कपॅसिटर लहान, वेढे कमी.

एक अडचण हमखास येते. शाळेच्या पटांगणातल्या मांडवात ऊन तिरपं शिरलं की सेन्सर आंधळा होतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. सेन्सरवर काळ्या कागदाची नळी चढवा आणि टेबलाची पाठ उन्हाकडे करा.

14. आम्हाला रेलगनच करायची आहे. जमेल का?

शाळेत नाही. रुळांमधल्या तुकड्यावरचं बल प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतं. साध्या रुळांची प्रति मीटर प्रेरकता (प्रवाहामुळे किती चुंबकीय क्षेत्र तयार होतं त्याचं माप) साधारण अर्धा मायक्रोहेन्री धरली, तर 1,000 अँपिअरला बल भरतं फक्त पाव न्यूटन, म्हणजे पंचवीसेक ग्रॅमच्या वजनाएवढं. 10 लाख अँपिअरला ते अडीच लाख न्यूटन होतं. म्हणजे लहान प्रवाहात तुकडा हलत नाही आणि मोठ्या प्रवाहात रूळ वितळतात.

अमेरिकी नौदलाने डिसेंबर 2010 मध्ये डालग्रेन इथे 33 मेगाज्यूलची चाचणी घेतली, पण 2021 मध्ये तो प्रकल्प थांबवला. रूळ टिकवणं ही त्यातली एक मोठी अडचण होती. जपानने 2023 मध्ये जहाजावरून रेलगनची चाचणी केली. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात काही ग्रॅमचा तुकडा सेकंदाला 5.9 किलोमीटर वेगाने पाठवला गेला. त्यामागे 500 मेगाज्यूल साठवणारा प्रचंड जनित्र-संच होता.

15. पंपाच्या स्टार्टरमधला कपॅसिटर, शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनचा भाग किंवा 230 व्होल्ट वापरले तर जोर वाढेल ना?

वापरू नका. हे कळकळीने सांगतो. पंपाचे कपॅसिटर 440 व्होल्टच्या एसीसाठी असतात. शेतातल्या पेटीतून काढलेल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो आणि त्याचा झटका हृदय थांबवू शकतो. झटका मशीनमध्येही उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर असतो. डीपीवरून किंवा घरच्या प्लगवरून थेट काही घेण्याचा विचारही नको. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, तसा धोकाही वाढतो, आणि समोर आठवी-नववीची मुलं असतात. 24 व्होल्टवर भौतिकशास्त्र तेच आहे, आलेखही तेच येतात.

24 व्होल्टचा कपॅसिटरही खेळ संपल्यावर बल्बमधून रिकामा करून ठेवावा. अंगठी किंवा पाना मध्ये आला तर चटका बसतो.

16. आमच्या वावरात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं लय येतात. मोठं करून त्यांना हुसकायला चालेल का?

नाही. हा प्रश्न पालकांकडून येतो आणि त्यामागचा त्रास खरा आहे. एका रात्रीत तुरीचा धुरा साफ झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण रोही आणि रानडुक्कर दोन्हींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि वेगाने फेकलेला लोखंडी तुकडा अंधारात जागलीला बसलेल्या माणसालाही लागू शकतो. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्या. आपल्या प्रयोगाला बंदुकीचा आकार, मूठ किंवा घोडा देऊ नका. तो लाकडी फळीवर पक्का बसवलेला असावा आणि मोजमापाची वेळ सोडली तर त्याचं तोंड कायम खोक्यात असावं.

17. हिवाळ्यात दोन मीटर जाणारा खिळा एप्रिलमध्ये तेवढा जात नाही. हे खरं असू शकतं का?

असू शकतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. पौषातल्या सकाळी 15 अंश आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात 45 अंश, म्हणजे रोधात जवळपास 12 टक्के फरक. तेवढा प्रवाह कमी होतो. पण आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, कारण दोन व्होल्टचा फरक यापेक्षा जास्त अंतर खातो. व्होल्टेज सारखं ठेवून तापमानाचा परिणाम वेगळा दाखवता आला, तर तोच एक स्वतंत्र प्रकल्प होतो. वारंवार उडवल्याने कॉइल तापते ही शंका मात्र सोडून द्या. तीन ज्यूलने पंचवीस ग्रॅम तांबं जेमतेम एक-तृतीयांश अंशाने तापतं.

18. यानं उपग्रह सोडता येईल का?

जमिनीवरून फार कठीण. सेकंदाला 8 किलोमीटर वेग 1 किलोमीटर लांबीच्या मार्गावर गाठायचा म्हटलं तर त्वरण गुरुत्वाच्या तीन हजार पटीहून जास्त होतं. माणूस सोडाच, नाजूक उपकरणंही टिकणं अवघड. शिवाय दाट हवेत त्या वेगाने वस्तू भयंकर तापते. चंद्रावर गोष्ट वेगळी. तिथे हवा नाही आणि मुक्तिवेग (चंद्राची ओढ सोडून बाहेर पडायला लागणारा वेग) सेकंदाला 2.4 किलोमीटरच आहे. म्हणूनच 1970 च्या दशकात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी चंद्रावरची माती कॉइलच्या रांगेने अवकाशात पाठवण्याची कल्पना मांडली आणि तिचे नमुनेही बनवले गेले.

19. 'याचा उपयोग काय?' असं परीक्षकांनी विचारलं तर?

शस्त्रांची उदाहरणं देत बसू नका. शांघायची मॅग्लेव्ह (चुंबकाने तरंगणारी) रेल्वे रुळालगतच्या कॉइलच्या रांगेनेच ताशी 431 किलोमीटरपर्यंत गेली आहे. अमेरिकेच्या जेराल्ड फोर्ड या विमानवाहू जहाजावर वाफेच्या ऐवजी लांबट सरळ मोटरने विमानं सोडतात. तिथलं पहिलं विमान 2017 मध्ये उडालं. आणि जवळचं हवं असेल तर मोटरसायकलचा स्टार्टर रिले सोबत न्या. बटण दाबल्यावर जो 'टक' आवाज येतो, तो कॉइलने लोखंड ओढल्याचाच. उघडलेला जुना रिले टेबलावर ठेवा आणि परीक्षकांनाच बटण दाबू द्या.

20. विद्यार्थ्यांच्या कल्पनांसाठीच्या इन्स्पायर मानक योजनेला हा विषय पाठवावा का?

'खिळा उडवणारं यंत्र' म्हणून पाठवू नका. तिथे मुलाची स्वतःची, लोकांच्या अडचणीशी जोडलेली कल्पना हवी असते. कॉइल आणि लोखंडाची हीच ओढ वापरून ठिबकच्या नळीला बसणारा, थोड्या विजेवर चालणारा स्वस्त वाल्व्ह, किंवा लाइट आली-गेली की आपोआप सुटणारी कुलूप-कडी, अशा दिशेने विचार करायला लावा. कल्पना मात्र मुलाकडूनच येऊ द्या. प्रश्न 8 चा आलेख त्याने स्वतः काढलेला असेल तर ती येते.